पहिला डीएसएलआर घेताय? सात रस्त्यावर थांबा, आधी ‘हे’ सात प्रश्न विचारा

नवा घ्यायचा की वापरलेला? बॉडीवर किती खर्च करायचा, लेन्सवर किती? आणि मोबाईल असताना डीएसएलआर घ्यायचाच कशाला? सोलापूरच्या उन्हात, धुळीत आणि गड्डा यात्रेत उपयोगी पडेल अशी सोपी माहिती.

सोलापूर : संध्याकाळच्या वेळी सात रस्ता चौकात उभे राहिले की चारही नव्हे, सातही बाजूंनी वाहने येतात. कोणता रस्ता आपला हे आधी ठरलेले नसेल तर नवखा माणूस तिथेच गोंधळतो. पहिला डीएसएलआर कॅमेरा घेणाऱ्याची अवस्था काहीशी अशीच होते. मेगापिक्सल, लेन्स, मिररलेस, ऑफर, ईएमआय... रस्ते अनेक आणि खिशातले पैसे मोजके.

अनेक घरांत ४०-५० हजारांची वस्तू मुलाच्या किंवा मुलीच्या हातात पहिल्यांदा पडते ती कॅमेऱ्याच्या रूपाने. ‘लग्नाच्या ऑर्डरी घेईन, एका सीझनमध्ये पैसे वसूल’ असा हिशेब घरात मांडला जातो. सहा महिन्यांनी मात्र तक्रार येते, ‘कॅमेरा भारी घेतलो की ओ, पण फोटो मोबाईलसारखेच येतात!’

यात दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. मोबाईल एक फोटो काढताना आतल्या आत अनेक फ्रेम टिपतो, त्या एकत्र करतो, सावल्या उजळतो, रंग गडद करतो आणि तयार ताट समोर ठेवतो. डीएसएलआर यातले फारसे काही करत नाही. तो चांगला कच्चा माल देतो, स्वयंपाक तुम्हाला करावा लागतो. म्हणून पैसे देण्याआधी पुढचे सात प्रश्न स्वतःला विचारणे गरजेचे आहे.

१. नेमके काय टिपायचे आहे?

‘चांगला कॅमेरा कोणता?’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘कशासाठी?’ हा त्याचा उरलेला अर्धा भाग.

सिद्धेश्वर तलाव आणि पाण्यातले मंदिर, भुईकोट किल्ल्याची तटबंदी, घरचे कार्यक्रम असे सगळे थोडे थोडे टिपायचे असेल, तर कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स सुरुवातीला पुरते.

कंबर तलावावरचे पक्षी किंवा नान्नजच्या माळरानावरची काळविटे टिपायची असतील, तर ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स लागेल. किट लेन्सने काढलेल्या फोटोत काळवीट ठिपक्याएवढे दिसेल. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले. तिथे वन विभागाचे नियम पाळूनच फोटो काढावेत.

मंगल कार्यालयातले विधी, साखरपुडा, बारसे असे काम करायचे असेल, तर कमी उजेडात चालणारी लेन्स हवी. आणि फक्त रील्स किंवा व्हिडिओच करायचे असतील, तर डीएसएलआर हा कदाचित तुमचा रस्ताच नाही.

२. डीएसएलआर की मिररलेस?

डीएसएलआरमध्ये लेन्समागे तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड तो वरच्या बाजूला वळवतो आणि तुम्हाला व्ह्यूफाइंडरमध्ये थेट समोरचे दृश्य दिसते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि उजेड सेन्सरवर पडतो. ‘खटाक’ असा आवाज येतो तो याचाच. मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसा नसतो. सेन्सरवरचे चित्र छोट्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर दिसते.

कंपन्यांचा ओढा आता मिररलेसकडे आहे, हे लपून राहिलेले नाही. निकॉनचा डी३५०० हा नवशिक्यांचा लाडका डीएसएलआर २०१८ मध्ये आला, पण २०२२ च्या सुरुवातीला त्याचे उत्पादन थांबल्याचे स्पष्ट झाले. कॅननने २०२३ मध्ये आर५० आणि आर१०० हे सुरुवातीच्या श्रेणीतले मिररलेस आणले.

मग डीएसएलआर घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे का? तसे नाही. तीन गोष्टी त्याच्या बाजूने आहेत.

पहिली, वापरलेल्या लेन्सचा मोठा बाजार. कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासून, तर निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून चालत आला आहे. दुसरी, बॅटरी. डी३५०० ची बॅटरी एका चार्जमध्ये सुमारे १,५५० फोटो देते असे कंपनीचा आकडा सांगतो. कॅनन १५००डी चा आकडा सुमारे ५०० आहे. या श्रेणीतले बरेच मिररलेस तीनशे-चारशेच्या घरात असतात. तिसरी, कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स उद्या ॲडॉप्टर लावून कॅननच्या मिररलेसवरही चालतात. उलटे मात्र होत नाही. मिररलेसची आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसत नाही.

थोडक्यात, फोटोग्राफी शिकायची आहे, बजेट मर्यादित आहे आणि भर स्थिर फोटोंवर आहे, तर डीएसएलआर अजूनही शहाणपणाची खरेदी ठरू शकते. व्हिडिओवर भर असेल आणि पुढची आठ-दहा वर्षे एकाच कंपनीच्या नव्या लेन्स घ्यायच्या असतील, तर थोडे थांबून मिररलेससाठी पैसे जमवा.

३. बॉक्सवरच्या कोणत्या आकड्यांकडे पाहायचे?

मेगापिक्सलकडे सर्वांत शेवटी पाहा. २४ मेगापिक्सलचा फोटो सुमारे ६००० बाय ४००० पिक्सलचा असतो. त्यातून २० बाय १३ इंचांची उत्तम प्रिंट निघते. घराच्या भिंतीवर लावायला यापेक्षा जास्त लागत नाही.

खरा फरक सेन्सरच्या आकारात आहे. कॅननच्या सुरुवातीच्या डीएसएलआरमधला एपीएस-सी सेन्सर सुमारे २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा असतो. म्हणजे जवळपास ३३२ चौरस मिलिमीटर. मोठ्या सेन्सरची जाहिरात करणाऱ्या महागड्या फोनच्या तुलनेतही हे क्षेत्रफळ जवळपास तिप्पट किंवा त्याहून अधिक भरते. पाऊस पडताना परात मोठी असेल तर पाणी जास्त जमते. उजेडाचेही तसेच आहे.

मॉडेल निवडताना हे फरक लक्षात ठेवा :

• कॅनन ३०००डी : १८ मेगापिक्सल. लेन्स बसते ती कडी प्लास्टिकची. बजेट अगदीच कमी असेल तरच विचार करावा.

• कॅनन १५००डी : २४.१ मेगापिक्सल, ९ फोकस पॉइंट, सेकंदाला ३ फोटो. मागच्या पडद्याकडे पाहून फोटो काढताना फोकस संथ. बाहेरचा माइक जोडण्याची सोय नाही.

• निकॉन डी३५०० : २४.२ मेगापिक्सल, ११ फोकस पॉइंट, सेकंदाला ५ फोटो, दणकट बॅटरी. यालाही माइकची सोय नाही. उत्पादन बंद असल्याने बहुतेक वेळा वापरलेलाच मिळेल. बॉडीत फोकसची मोटर नसल्याने जुन्या एएफ-डी लेन्सवर ऑटोफोकस चालत नाही. एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्सच घ्या.

• कॅनन २००डी मार्क २ : २४.१ मेगापिक्सल, सेकंदाला ५ फोटो, फिरणारा टचस्क्रीन, पडद्यावरून फोटो काढतानाही झटपट फोकस, माइकची सोय. वरील तिघांपेक्षा महाग, पण थोडा व्हिडिओही करायचा असेल तर उपयुक्त.

किट लेन्सवर ‘आयएस’ (निकॉनमध्ये ‘व्हीआर’) ही अक्षरे आहेत का, हेही नीट पाहा. हात हलल्याने येणारा धूसरपणा कमी करणारी ही सोय आहे. ती नसलेल्या १८-५५ लेन्सही बाजारात आहेत आणि दिसायला जवळपास सारख्याच असतात.

४. पैसे बॉडीत घालायचे की लेन्समध्ये?

बहुतेकांची चूक इथे होते. सगळे बजेट बॉडीवर संपते आणि लेन्स किटचीच राहते.

एक छोटा हिशेब करू. किट लेन्स ५५ मिलिमीटरवर नेली की तिचे छिद्र जास्तीत जास्त एफ/५.६ इतकेच उघडते. ५० मिलिमीटरची साधी प्राइम लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते. ५.६ ला १.८ ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला, तर उत्तर येते सुमारे ९.७. म्हणजे तीच बॉडी, तोच हॉल, पण उजेड जवळजवळ दहापट!

याचा प्रत्यक्ष अर्थ असा. मंगल कार्यालयात किट लेन्सने शटरचा वेग १/१५ सेकंद मिळत असेल, तर नवरीने अक्षता पडताना मान जरा वळवली तरी चेहरा धूसर होईल. एफ/१.८ वर त्याच उजेडात १/१५० सेकंद मिळतो आणि चेहरा स्पष्ट येतो. आयएस किंवा व्हीआर तुमच्या हाताची थरथर सावरते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवू शकत नाही.

लग्नाच्या कामातून कमाई करायची असेल, तर महागडी बॉडी आणि किट लेन्स यापेक्षा साधी बॉडी आणि ५० मिलिमीटर एफ/१.८ ही जोडी अधिक उपयोगाची. समजा बजेट ५० हजार आहे. त्यातले किमान १५ हजार लेन्स, जादा बॅटरी, चांगले मेमरी कार्ड आणि बॅगेसाठी बाजूला ठेवा, मगच उरलेल्या पैशांत बॉडी शोधा.

शक्य असेल तर खरेदीआधी एक दिवस कॅमेरा भाड्याने घ्या किंवा ओळखीच्या फोटोग्राफरसोबत मदतनीस म्हणून एखादे लग्न करा. दिवसभर गळ्यात कॅमेरा अडकवून उभे राहिले की हे काम आपल्याला जमेल का, याचे उत्तर कोणत्याही रिव्ह्यूपेक्षा लवकर मिळते.

५. नवा घ्यायचा की वापरलेला?

नव्या कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. १ जानेवारी २०१९ पूर्वी तो २८ टक्के होता. ‘बिल नको, स्वस्तात देतो’ असे कोणी म्हणाले तर सावध व्हा. पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी नसेल तर पहिल्याच बिघाडात वाचवलेले पैसे जातात. बॉक्सवरचा आणि बॉडीच्या तळाचा सिरियल नंबर जुळतो का, हे दुकानातच तपासा.

वापरलेला घेताना दहा मिनिटे काढा आणि या गोष्टी पाहा :

• शटर काउंट : या श्रेणीतले शटर साधारण एक लाख क्लिकपर्यंत टिकेल असे धरले जाते. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमधील माहितीत सापडतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये तो फाइलमध्ये नसतो, त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर किंवा सर्व्हिस सेंटर लागते.

• बुरशी : लेन्स काढून मोबाईलचा टॉर्च एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती लेन्स घेऊ नका.

• सेन्सरवरची धूळ : एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून तो मोठा करून पाहा. काळसर ठिपके म्हणजे धूळ. ती साफ होते, पण किंमत कमी करून मागायला हे कारण पुरेसे आहे.

• बाकी : फुगलेली बॅटरी, न उघडणारा फ्लॅश, वाकलेल्या कार्डच्या पिना, सैल लेन्स. मूळ बिल मागाच. चोरीचा कॅमेरा स्वस्त असतो, पण पुढे महागात पडतो.

६. ऑटो मोडमधून बाहेर कसे पडायचे?

पाण्याचा हिशेब सोलापूरकरांना शिकवावा लागत नाही. काही दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येणाऱ्या शहरात किती वेळात किती भरायचे हे घरोघरी पाठ असते. कॅमेऱ्याचेही तसेच आहे.

ॲपर्चर म्हणजे नळ किती उघडला. एफ/१.८ म्हणजे पूर्ण, एफ/१६ म्हणजे बारीक धार. शटर स्पीड म्हणजे नळ किती वेळ चालू ठेवला. आणि आयएसओ म्हणजे भांड्याचा आकार. आयएसओ १०० ही मोठी बादली, भरायला वेळ लागतो. आयएसओ ३२०० हा तांब्या, लगेच भरतो. पण तांब्यात पाणी थोडेच असते. म्हणूनच जास्त आयएसओच्या फोटोत दाणेदारपणा दिसतो.

आता सोलापुरातली चार उदाहरणे :

भर दुपारचे ऊन : निरभ्र उन्हात एफ/१६, आयएसओ १०० आणि शटर सुमारे १/१०० सेकंद ठेवला की उजेड बरोबर येतो. जगभरचे फोटोग्राफर फिल्मच्या काळापासून हा नियम वापरतात. एफ/८ केले तर शटर १/४०० करा. मोठ्या नळाला कमी वेळ.

पांढरी बाराबंदी : जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी आणि भक्त पांढऱ्या बाराबंदीत असतात. कॅमेऱ्याचे मीटर समोरचे सारे मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरते. त्यामुळे पांढऱ्याने फ्रेम भरली की तो फोटो काळपट करतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करा. काळी घोंगडी किंवा काळा दगड फ्रेमभर असेल तर -१.

यंत्रमाग शेड : पूर्व भागातल्या शेडमध्ये चादरी विणताना टिपायच्या असतील, तर जुन्या ट्यूबलाइटमुळे एक फोटो पिवळट, दुसरा अंधारा असे होते. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे अशा दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की हा त्रास बराच कमी होतो.

रात्रीचे दारूकाम : यात्रेतले शोभेचे दारूकाम टिपताना ऑटोफोकस गोंधळतो. दूरच्या दिव्यावर फोकस करून मॅन्युअल करा. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/११ आणि शटर दोन ते चार सेकंद. फ्लॅश बंद. त्याचा उजेड काही मीटरच जातो, आकाशापर्यंत नाही.

सुरुवातीला पूर्ण मॅन्युअल मोडचा हट्ट नको. डायलवर ॲपर्चर प्रायॉरिटी निवडा. छिद्र तुम्ही ठरवा, शटर कॅमेरा ठरवेल. महिनाभर याच मोडमध्ये काढा. फाइल ‘रॉ’ आणि जेपीईजी दोन्हींत ठेवा. रॉ फाइल साधारण २५ ते २८ एमबीची असते, पण चुकलेला उजेड नंतर सावरायला तीच कामी येते.

७. सोलापूरच्या हवेत कॅमेरा टिकवायचा कसा?

सुरुवातीच्या श्रेणीतल्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये वापराचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस असे दिलेले असते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ही मर्यादा सहज ओलांडतो. म्हणून उन्हात उभ्या बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत कॅमेरा ठेवू नका. काम नसेल तेव्हा सावलीत, बॅगेत ठेवा.

लेन्स बदलताना कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करा, वाऱ्याकडे पाठ करा. सेन्सरवर तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण चिकटतात. रबरी ब्लोअर वापरा.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा. कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिलेली लेन्स लवकर खराब होते. आषाढीला पंढरपुरात वारी टिपायला जाणार असाल, तर ध्यानात ठेवा, या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांना पावसापासून संरक्षण नसते. एक प्लास्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड इतका बंदोबस्त सोबत असू द्या.

पहिला गृहपाठ सात रस्त्यावरच

कॅमेरा घरी आला की पहिल्या आठवड्यात कुठे लांब जायची गरज नाही. अंधार पडताना सात रस्त्याजवळ फुटपाथवर सुरक्षित जागा शोधा.

आधी शटर १/५०० ठेवून धावती रिक्षा टिपा. ती जागच्या जागी गोठलेली दिसेल. मग शटर १/३० करा आणि रिक्षासोबत कॅमेरा फिरवत बटण दाबा. रिक्षा स्पष्ट आणि मागची दुकाने रेघांसारखी दिसतील. पहिले वीस फोटो फसतील, ते फसू द्या. शेवटी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. आयएसओ १००, एफ/११, शटर आठ सेकंद आणि दोन सेकंदांचा टायमर. फोटोत वाहने दिसणार नाहीत. दिसतील फक्त त्यांच्या दिव्यांच्या लाल-पांढऱ्या रेषा, वेगवेगळ्या रस्त्यांनी येऊन चौकात मिसळलेल्या.

एकाच जागी, एकाच संध्याकाळी, एकाच किट लेन्सने काढलेले हे तीन फोटो शेजारी ठेवून पाहा. पन्नास हजारांत नेमके काय विकत घेतले ते तिथे दिसेल. आणि हे तीन फोटो जमल्याशिवाय कोणाच्या लग्नाचा ॲडव्हान्स घेऊ नका. रिक्षा उद्याही येईल, अक्षता मात्र एकदाच पडतात.

थोडक्यात लक्षात ठेवा

• आधी विषय ठरवा, मग लेन्स, शेवटी बॉडी.
• बजेटमधील किमान ३० टक्के लेन्स आणि इतर साहित्यासाठी ठेवा.
• पक्के बिल, सिरियल नंबर आणि भारतातील वॉरंटी तपासा.
• वापरलेला घेताना शटर काउंट, बुरशी आणि धूळ पाहा.
• पहिला महिना ॲपर्चर प्रायॉरिटी मोड, रॉ अधिक जेपीईजी.
• ४० अंशांपुढे कॅमेरा सावलीत, पावसाळ्यात सिलिका जेलसह डब्यात.